अतिदीप्त नवताऱ्यांचा प्रकाश

अतिदीप्त नवतारा म्हणजे आयुष्याच्या अखेरीस स्फोट पावणारा तारा होय. स्फोटानंतर त्याची दीप्ती दोनतीन आठवड्यांत शेकडो कोटी सूर्यांइतकी होऊ शकते आणि काही काळ तो एकटाच एखाद्या संपूर्ण दीर्घिकेच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या) तोडीने प्रकाशतो. त्यानंतर तो कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, सावकाश मंदावत जातो. इ. स. १०५४ मध्ये वृषभ राशीत दिसलेला असा तारा चिनी निरीक्षकांच्या नोंदींनुसार २३ दिवस भर दिवसा दिसत होता व रात्री जवळजवळ पावणेदोन वर्षे दिसत राहिला होता. मूळ स्फोटक्रिया मात्र काही सेकंदांत आटोपते. एवढ्या अल्पकाळात घडलेल्या घटनेचा प्रकाश इतका दीर्घकाळ कशामुळे टिकतो, हा खगोल भौतिकीतील एक महत्त्वाचा प्रश्न होता. स्फोटाच्या वेळी निर्माण झालेली उष्णताच हळूहळू बाहेर पडत असावी, हे सहज सुचणारे उत्तर बहुतेक बाबतींत चुकीचे ठरले आहे. पुष्कळशा अतिदीप्त नवताऱ्यांचा दृश्य प्रकाश हा स्फोटात निर्माण झालेल्या निकेल–५६ या किरणोत्सर्गी (भेदक कण वा किरण बाहेर टाकणाऱ्या) समस्थानिकाच्या (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या त्याच मूलद्रव्याच्या प्रकाराच्या) क्षयापासून मिळत असतो.

‘अतिदीप्त नवतारा’ हा वेगळा वर्ग व्हाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये प्रथम स्पष्टपणे मांडला. सामान्य नवताऱ्यापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी असलेल्या या ताऱ्यांचे रूडोल्फ मिंकोव्स्की यांनी १९४१ मध्ये वर्णपटावरून दोन प्रकार केले. ज्यांच्या वर्णपटात हायड्रोजनाच्या रेषा नसतात तो पहिला प्रकार व ज्यांच्यात त्या असतात तो दुसरा प्रकार. हे वर्गीकरण अजून वापरात असले, तरी ते बाह्य लक्षणांवर आधारलेले आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्फोटाच्या यंत्रणेच्या दृष्टीने खरा भेद वेगळाच आहे. पहिल्या प्रकारातील ‘१ अ’ या उपप्रकारात कार्बन व ऑक्सिजन यांनी बनलेला श्वेत लघुतारा अणुकेंद्रीय ज्वलनाने संपूर्ण उद्ध्वस्त होतो. इतर जवळजवळ सर्व अतिदीप्त नवताऱ्यांत सूर्याच्या आठ पटींहून अधिक द्रव्यमानाच्या ताऱ्याचा लोहमय गाभा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळतो आणि त्यापासून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते.

गाभा कोसळताना मुक्त होणाऱ्या ऊर्जेचा हिशेब विलक्षण आहे. तिच्या शंभर भागांपैकी सु. ९९ भाग न्यूट्रिनो नावाचे, द्रव्याशी क्वचितच परस्परक्रिया करणारे कण घेऊन जातात. उरलेल्या एका भागातून ताऱ्याचे बाहेरचे थर सेकंदाला हजारो कि.मी. वेगाने फेकले जातात. दृश्य प्रकाशाच्या वाट्याला या एका भागाचाही शंभरावा हिस्सा जेमतेम येतो. ज्या प्रकाशामुळे ही घटना माणसाला दिसते, तो तिच्या ऊर्जेचा किरकोळ अंश असतो.

स्फोटाची उष्णता अपुरी का पडते : वायू प्रसरण पावला म्हणजे थंड होतो. सायकलीच्या चाकातील हवा एकदम सोडली, तर ती गार लागते याचे कारण हेच आहे. श्वेत लघुताऱ्याची त्रिज्या काही हजार कि.मी. म्हणजे साधारण पृथ्वीएवढी असते. स्फोटाच्या वेळी त्याचे तापमान काही अब्ज अंशांपर्यंत जाते. परंतु सेकंदाला सु. १०,००० कि.मी. वेगाने फेकले गेलेले द्रव्य दोनतीन आठवड्यांत दीडएक हजार कोटी कि.मी. त्रिज्येपर्यंत पसरते. म्हणजे त्रिज्या काही दशलक्ष पटींनी वाढते. बंदिस्त प्रारणाची (तरंगरूपी ऊर्जेची) एकूण ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने मूळच्या उष्णतेचा दशलक्षांशाहूनही कमी भाग तोपर्यंत शिल्लक राहतो. बाकीची ऊर्जा द्रव्य बाहेर ढकलण्यात खर्ची पडते. अशा स्थितीत तारा स्फोटानंतर लगेच विझून जावयास हवा. प्रत्यक्षात त्याच सुमारास तो कमाल तेजस्वी असतो. तेव्हा स्फोट होऊन गेल्यावरही द्रव्याला सतत ऊर्जा पुरविणारा एखादा साठा त्या द्रव्यातच असला पाहिजे, असा निष्कर्ष अटळ ठरतो.

कॅलिफोर्नियमाची कल्पना : असा साठा किरणोत्सर्गी असावा, ही कल्पना प्रकाश वक्रावरून (दीप्ती व काल यांचा संबंध दर्शविणाऱ्या आलेखावरून) सुचली. झ्विकी यांना १९३७ मध्ये आयसी ४१८२ या लहान दीर्घिकेत सापडलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचे वेध बाडे यांनी दीर्घकाळ घेतले. सुरुवातीच्या घसरणीनंतर या ताऱ्याची दीप्ती दर ५५ दिवसांनी निम्मी होत असल्याचे त्यांना आढळले. ठराविक काळात निम्मे होत जाणे हे किरणोत्सर्गाचे लक्षण आहे. मग ५५ दिवसांचे अर्धायुष्य (मूळची क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा काळ) असलेला समस्थानिक कोणता, हा प्रश्न उरला.

त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. अमेरिकेने नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातील एनिवेटॉक या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबचा पहिला मोठा चाचणीस्फोट केला. त्याच्या अवशेषांत युरेनियमापेक्षाही जड अशी नवी मूलद्रव्ये सापडली व त्यांत कॅलिफोर्नियम–२५४ हा समस्थानिक होता. तो आपोआप भंजन पावतो (दुभंगतो) व त्याचे अर्धायुष्य त्या वेळी सु. ५५ दिवस असे मोजले गेले. आकडा नेमका जुळला. बाडे, जेफ्री व मार्गारेट बर्बिज, रॉबर्ट ख्रिस्टी, विल्यम फौलर आणि फ्रेड हॉइल यांनी १९५६ मध्ये अतिदीप्त नवताऱ्यांचा प्रकाश कॅलिफोर्नियमामुळे मिळतो, असे प्रतिपादन केले. जड मूलद्रव्ये ताऱ्यांत निर्माण होतात, या सिद्धांताची जडणघडण याच वर्षांत चालू असल्यामुळे ही उपपत्ती फारच आकर्षक वाटली.

ती टिकली नाही. कॅलिफोर्नियम–२५४ चे अर्धायुष्य पुढील मापनांत ६०.५ दिवस ठरले. निरनिराळ्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या मंदावण्याचा वेग एकसारखा नसतो, हेही दिसून आले. मुख्य आक्षेप वेगळा होता. इतका प्रकाश देण्याइतके कॅलिफोर्नियम निर्माण व्हावयाचे, तर त्याच्याबरोबर सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्येही विपुल निर्माण झाली पाहिजेत. विश्वात ती तितकी आढळत नाहीत. तथापि किरणोत्सर्गाची मूळ कल्पना बरोबर होती, समस्थानिक तेवढा चुकला होता. आकडा जुळला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, याचे हे विज्ञानेतिहासातील एक ठळक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियमाचा विचार मात्र अलीकडे वेगळ्या संदर्भात पुन्हा होऊ लागला आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेले गुरुत्वीय तरंग व त्यानंतरचा प्रकाश या दोहोंचे वेध घेण्यात आले. अशा मीलनात जड मूलद्रव्ये निर्माण होतात आणि तेथील उत्तरकालीन प्रकाशाला कॅलिफोर्नियम–२५४ चा हातभार लागत असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे.

निकेल–५६ : टायटस पँकी या संशोधकांनी हॉवर्ड विद्यापीठाला १९६२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात निकेल–५६ चे नाव पुढे केले; पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जेम्स ट्रुरन, डेव्हिड आर्नेट व ॲलिस्टर कॅमेरॉन यांनी १९६७ मध्ये, प्रघात तरंगाने तापलेल्या द्रव्यात हाच समस्थानिक मोठ्या प्रमाणात निर्माण होतो, असे गणिताने दाखविले. स्टर्लिंग कोलगेट व चेस्टर मकी यांनी १९६९ मध्ये त्यावरून प्रकाश वक्राचे स्पष्टीकरण दिले आणि तेव्हापासून ही उपपत्ती रूढ झाली.

निकेलच का, याचे कारण सोपे पण मार्मिक आहे. सर्वांत दृढपणे बांधल्या गेलेल्या अणुकेंद्रांत लोह–५६ ची गणना होते. त्यात २६ प्रोटॉन व ३० न्यूट्रॉन असतात. ताऱ्यातील ज्वलन पूर्णत्वास गेले, तर त्याची राख लोहाची असावी, अशी अपेक्षा आहे. परंतु स्फोटात जळणाऱ्या कार्बनात प्रत्येकी सहा व ऑक्सिजनात प्रत्येकी आठ असे प्रोटॉन व न्यूट्रॉन समसमान असतात. सिलिकॉन, गंधक वगैरे मधल्या पायऱ्यांवरील प्रमुख अणुकेंद्रांतही ते समसमानच असतात. प्रोटॉनाचे न्यूट्रॉनात रूपांतर होण्याची क्रिया मंद असते व स्फोटात तर सेकंदभराचाच अवधी असतो. त्यामुळे सु. ५ अब्ज अंशांपेक्षा जास्त तापमानास अणुकेंद्रांची जी उलथापालथ होते, तिच्यातून दोहोंची संख्या समान राखून जे सर्वांत दृढ अणुकेंद्र बनू शकते तेच बनते. ते म्हणजे २८ प्रोटॉन व २८ न्यूट्रॉन असलेले निकेल–५६. लोह होण्यासाठी जे रूपांतर राहून गेले, ते नंतर सावकाश होते व त्याची ऊर्जा हप्त्याहप्त्याने बाहेर पडते. अतिदीप्त नवताऱ्याचा दीर्घकाळ टिकणारा प्रकाश म्हणजे अर्धवट राहिलेल्या या ज्वलनाची थकबाकी होय.

निकेल–५६ चे अर्धायुष्य ६.१ दिवस आहे. त्याचा क्षय होऊन कोबाल्ट–५६ बनते. कोबाल्ट–५६ चे अर्धायुष्य ७७.२ दिवस असून त्याच्या क्षयातून अखेर स्थिर असे लोह–५६ निर्माण होते. या दोन पायऱ्यांत उत्सर्जित होणारी ऊर्जा मुख्यतः गॅमा किरणांच्या स्वरूपात असते. याशिवाय कोबाल्टाच्या दर १०० अणुकेंद्रांपैकी सु. १९ अणुकेंद्रे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनाएवढे द्रव्यमान पण धन विद्युत् भार असलेला कण) बाहेर टाकतात. एक ग्रॅम निकेलाचे अशा तऱ्हेने पूर्णपणे लोहात रूपांतर झाले, तर सु. ९ अब्ज जूल ऊर्जा मिळते. एका नमुनेदार १ अ प्रकारच्या स्फोटात सूर्याच्या द्रव्यमानाच्या सु. ६० टक्के इतके निकेल–५६ निर्माण होते. पृथ्वीवरील लोहापैकी सु. ९२ टक्के लोह–५६ असून त्याचा फार मोठा भाग सूर्यमालेच्या जन्मापूर्वी कोठे ना कोठे निकेलाच्या रूपात जन्मला व नंतर लोह बनला, असे यावरून मानले जाते. खिळ्यात, नांगराच्या फाळात किंवा रक्तातील हीमोग्लोबिनात असलेल्या लोहाची उत्पत्ती अशी आहे.

गॅमा किरणांपासून दृश्य प्रकाश : क्षयातून निघणारे गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत. सुरुवातीच्या दाट द्रव्यात ते इलेक्ट्रॉनांवर पुनःपुन्हा आदळतात व आपली ऊर्जा त्यांना देतात. हे वेगवान इलेक्ट्रॉन इतर अणूंना तापवितात व त्यांचे आयनीभवन करतात. तापलेले द्रव्य दृश्य, जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) व अवरक्त (तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य) प्रकाश देते. हा प्रकाशही सरळ बाहेर पडू शकत नाही. लोह, कोबाल्ट व निकेल यांच्या असंख्य वर्णरेषांमुळे द्रव्य अपारदर्शक बनलेले असते आणि प्रकाशकण अडखळत, दिशा बदलत बाहेर येतो. द्रव्य विरळ होत जाते तसा त्याचा मार्ग मोकळा होतो. १ अ प्रकारात कमाल दीप्ती स्फोटानंतर सु. १८ दिवसांनी येते, ती या विलंबामुळे. त्या वेळी मूळच्या निकेलाचा सु. एक अष्टमांश भागच उरलेला असतो व कोबाल्टाचा साठा वाढलेला असतो. कमाल दीप्तीच्या क्षणी बाहेर पडणारा प्रकाश हा त्याच क्षणी किरणोत्सर्गातून मिळणाऱ्या ऊर्जेइतका असतो, असा नियम आर्नेट यांनी १९८२ मध्ये मांडला. त्याच्या साहाय्याने दीप्तीवरून निकेलाचे वजन काढता येते. शेकडो कोटी परार्ध टन धातूचे वजन कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने एका वर्षात तोडलेले अंतर) काढण्याची ही रीत म्हणता येईल.

बाडे यांच्या ५५ दिवसांचे कोडे याच संदर्भात उलगडते. कोबाल्टाचे अर्धायुष्य ७७ दिवस असताना प्रकाश त्याहून लवकर का निम्मा व्हावा? द्रव्य विरळ झाल्यावर अधिकाधिक गॅमा किरण आपली ऊर्जा आत न सोडता अवकाशात निसटतात, हे त्याचे कारण आहे. कोबाल्टाची घट व गॅमा किरणांची गळती या दोहोंच्या मिश्रणाने दिसणारा वेग ठरतो. ५५ दिवस हे कोणत्याही एका समस्थानिकाचे अर्धायुष्य नव्हते. सु. २०० दिवसांनंतर गॅमा किरणांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही आणि द्रव्यातच अडकून राहणारे पॉझिट्रॉन तेवढे त्याला तापवीत राहतात.

१९८७ चा पुरावा : ही सर्व उपपत्ती दीर्घकाळ अप्रत्यक्ष पुराव्यावर उभी होती. प्रकाश वक्र जुळत होता; पण तसा तो कॅलिफोर्नियमाच्या बाबतीतही जुळला होता. प्रत्यक्ष पुरावा म्हणजे कोबाल्टाचे विशिष्ट ऊर्जेचे गॅमा किरण पकडणे. डोनल्ड क्लेटन, कोलगेट व जेरल्ड फिशमन यांनी १९६९ मध्येच तसे भाकीत केले होते. परंतु त्यासाठी अतिदीप्त नवतारा जवळ हवा होता. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना स्पष्टपणे दिसलेला असा शेवटचा तारा १६०४ मध्ये योहानेस केप्लर यांनी अभ्यासिला होता.

२४ फेब्रुवारी १९८७ रोजी चिलीतील लास कँपानास वेधशाळेत इअन शेल्टन यांना मोठ्या मॅगेलनी मेघात (आकाशगंगेच्या सु. १,६५,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या शेजारच्या लहान दीर्घिकेत) एक नवा तारा आढळला. तो दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका व सोव्हिएट रशिया यांमधील भूमिगत उपकरणांनी मिळून सु. २५ न्यूट्रिनो पकडले होते. गाभा कोसळल्याची ती थेट खूण होती. स्फोट पावलेला तारा तांबडा नसून निळा महातारा होता, ही गोष्ट अनपेक्षित होती व प्रकाशाच्या दृष्टीने महत्त्वाचीही होती. निळा महातारा आकाराने तांबड्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच असल्यामुळे स्फोटाची उष्णता प्रसरणातच बहुतेक वाया गेली. हा तारा प्रारंभी अपेक्षेपेक्षा मंद राहिला व नंतर, मे महिन्यात, सु. तिसऱ्या प्रतीपर्यंत (प्रत ही तेजस्विता दर्शविणारी संख्या असून ती जितकी लहान तितका तारा तेजस्वी असतो) चढला. ही चढण किरणोत्सर्गाची होती. जूननंतर त्याची एकूण दीप्ती दोन वर्षांहून अधिक काळ कोबाल्ट–५६ च्या अर्धायुष्यानुसार कमी होत गेली. हिशेबाने निकेलाचे द्रव्यमान सूर्याच्या सु. ७ टक्के, म्हणजे पृथ्वीच्या सु. २३,००० पट आले.

गॅमा किरणही सापडले, आणि तेही सूर्याचा अभ्यास करण्यासाठी १९८० मध्ये सोडलेल्या ‘सोलर मॅक्सिमम मिशन’ या अमेरिकी उपग्रहाला. त्याचे तोंड सदैव सूर्याकडे असे. या ताऱ्याचे किरण उपकरणात बाजूने शिरले. ऑगस्ट १९८७ पासून ८४७ व १,२३८ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जांच्या, कोबाल्ट–५६ च्याच अशा दोन रेषा त्यात नोंदल्या गेल्या. कॅलिफोर्नियमाच्या वेळी जे नव्हते ते येथे होते. गॅमा रेषांच्या ऊर्जा हा समस्थानिकाच्या बोटांचा ठसाच असतो व दुसऱ्या कोणत्याही समस्थानिकाशी त्याची गफलत होत नाही. मात्र हे किरण अपेक्षेपेक्षा कित्येक महिने आधी आले. गाभ्याजवळ तयार झालेले निकेल कांद्याच्या पाकळ्यांसारख्या थरांतच राहील, असे गृहीत धरले होते. स्फोटाच्या खळबळीत त्याचे लोळ बाहेरच्या थरांपर्यंत घुसले होते, असा अर्थ त्यावरून लावण्यात आला. तारा गोलाकार व सुबकपणे फुटतो ही समजूत त्यामुळे मागे पडली.

कोबाल्ट–५६ संपत आल्यावरही तारा पूर्ण विझला नाही. सु. तीन वर्षांनी २७२ दिवस अर्धायुष्य असलेल्या कोबाल्ट–५७ चा वाटा ठळक झाला व त्याचे गॅमा किरण कॉम्पटन वेधशाळा या उपग्रहाने १९९१ मध्ये टिपले. त्यानंतरची कित्येक वर्षे टिटॅनियम–४४ (अर्धायुष्य सु. ६० वर्षे) या समस्थानिकाची होती, त्याच्या रेषा नूस्टार उपग्रहाच्या निरीक्षणांतून २०१५ मध्ये स्पष्ट झाल्या. सु. २००१ नंतर मात्र प्रकाशाचा स्रोत पुन्हा बदलला. ताऱ्याने स्फोटापूर्वी हजारो वर्षे आधी टाकलेल्या वायूच्या कड्यावर स्फोटातील द्रव्य आदळू लागले आणि तेथे निर्माण झालेल्या क्ष-किरणांनी आतले द्रव्य पुन्हा उजळले. एकाच ताऱ्याने वेगवेगळ्या काळी वेगवेगळे इंधन वापरावे, याचे इतके सविस्तर निरीक्षण दुसऱ्या कोणत्याही अतिदीप्त नवताऱ्याचे झालेले नाही.

१ अ प्रकारासाठी तसाच पुरावा मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या जानेवारीत सु. १ कोटी २० लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम ८२ या दीर्घिकेत असा तारा दिसला आणि इंटेग्रल या यूरोपीय उपग्रहाने त्यातून येणाऱ्या कोबाल्टाच्या त्याच दोन रेषा टिपल्या. त्यांवरून काढलेले निकेलाचे द्रव्यमान दृश्य प्रकाशावरून काढलेल्या द्रव्यमानाशी जुळले.

अंतरमापनाशी संबंध : या जुळणीवर बरेच काही अवलंबून होते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखविल्याप्रमाणे श्वेत लघुताऱ्याचे द्रव्यमान सूर्याच्या सु. १.४ पटींहून अधिक असू शकत नाही. त्यामुळे १ अ प्रकारचे स्फोट बरेचसे एकसारखे असतात. ते तंतोतंत सारखे मात्र नसतात. मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखविले की, जो तारा अधिक तेजस्वी तो अधिक सावकाश मंदावतो. अधिक निकेल म्हणजे अधिक ऊर्जा, तसेच अधिक तापमान व अधिक अपारदर्शकता, म्हणून प्रकाश बाहेर पडण्यास अधिक वेळ, असा त्याचा अर्थ लावला जातो. मंदावण्याच्या वेगावरून खरी दीप्ती व तिच्यावरून अंतर काढून दोन संशोधक गटांनी १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे जाहीर केले. त्याबद्दल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना २०११ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. श्वेत लघुतारा जोडीदाराकडून द्रव्य ओढून घेऊन फुटतो की दोन श्वेत लघुतारे एकमेकांत मिसळून फुटतात, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. विश्वाच्या प्रसरणाचे एवढे मोठे अनुमान ज्या दिव्यांवर आधारले आहे, त्यांच्या इंधनाची खात्री पटली असली, तरी दिवा पेटतो कसा याबद्दल मतभेद आहेत.

इतर स्रोत : सर्वच अतिदीप्त नवतारे निकेलावर चालत नाहीत. सर्वसामान्य दुसऱ्या प्रकारात तांबडा महातारा फुटतो. त्याची त्रिज्या सूर्याच्या सु. ५०० पट असल्यामुळे द्रव्याला फारसे प्रसरण न पावताच प्रकाश बाहेर सोडता येतो आणि स्फोटाच्या उष्णतेचा लक्षणीय भाग वाचतो. हायड्रोजनाचे आवरण सु. ६,००० अंशांपर्यंत थंड झाले की, सुटे झालेले इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंत जाऊन बसतात व वायू पारदर्शक होतो. ही पारदर्शकतेची सीमा बाहेरून आत सरकत जाते व साठलेली उष्णता थराथराने मोकळी होते. त्यामुळे दीप्ती सु. १०० दिवस जवळजवळ स्थिर राहते व आलेखात पठार दिसते. आवरण संपल्यावर ती एकदम घसरते. मग येणारी शेपटी पुन्हा कोबाल्टाची असते.

स्फोटातील द्रव्य सभोवतालच्या वायूवर आदळल्यास त्याच्या गतिज ऊर्जेचेही प्रकाशात रूपांतर होते. मे २०२३ मध्ये सु. २ कोटी १० लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम १०१ या दीर्घिकेत दिसलेल्या ताऱ्याच्या पहिल्या काही दिवसांच्या प्रकाशात अशा आघाताचा मोठा वाटा होता. लडाखमधील हान्ले येथील हिमालयन चंद्र दूरदर्शक, तेथेच भारतीय खगोल भौतिकी संस्था व मुंबईची भारतीय तंत्रविद्या संस्था या दोन संस्थांतर्फे चालविण्यात येणारा ग्रोथ-इंडिया दूरदर्शक आणि ॲस्ट्रोसॅट उपग्रह यांनी या ताऱ्याचे वेध घेतले होते.

नेहमीच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या दहापट वा अधिक तेजस्वी असे काही तारे या शतकात सापडले आहेत. सप्टेंबर २००६ मध्ये एनजीसी १२६० या दीर्घिकेत आढळलेल्या ताऱ्याला कमाल दीप्ती गाठण्यास सु. ७० दिवस लागले. त्याचा प्रकाश केवळ निकेलाचा मानला, तर दहा सूर्यांहूनही अधिक द्रव्यमानाचे निकेल लागते. इतके निकेल फक्त शंभराहून कितीतरी अधिक सूर्यांच्या द्रव्यमानाचा तारा एका विशिष्ट प्रकारे फुटला तरच मिळू शकते. म्हणून अशा ताऱ्यांच्या बाबतीत दाट वायूवरील आघात हा स्रोत अधिक संभवनीय समजला जातो. ज्यांच्या वर्णपटात आघाताच्या खुणा दिसत नाहीत, त्यांच्यासाठी डॅनियल कासेन व लार्स बिल्डस्टेन यांनी आणि स्वतंत्रपणे स्टॅनफर्ड वूझली यांनी २०१० मध्ये आणखी एक स्रोत सुचविला. स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला शेकडो वेळा फिरत असला व त्याचे चुंबकीय क्षेत्र अतितीव्र असले, तर त्याचे भ्रमण काही आठवड्यांत मंदावते आणि त्या भ्रमणाची ऊर्जा भोवतालच्या द्रव्याला मिळते. सेकंदाला हजार फेऱ्यांच्या भ्रमणात साठलेली ऊर्जा स्फोटाच्या गतिज ऊर्जेच्याही कित्येक पट असते. इ. स. १०५४ च्या ताऱ्याच्या जागी आज दिसणारी क्रॅब अभ्रिका अशाच, पण पुष्कळ सौम्य यंत्रणेने उजळलेली आहे. तिच्या मध्यभागी सेकंदाला सु. ३० फेऱ्या मारणारा न्यूट्रॉन तारा १९६८ मध्ये सापडला व त्याचे भ्रमण जितक्या ऊर्जेने मंदावत आहे, तितकी ऊर्जा अभ्रिका उजळण्यास पुरेशी आहे.